सिॲटल हरलं, त्या दोन ओळींबद्दल

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२० ऑक्टोबर २०२५ च्या बेसबॉल सामन्याची बातमी तुमच्या क्रीडापानावर अगदी तळाला, कबड्डीच्या गुणतक्त्याखाली उरलेल्या जागेत होती. टोरंटोने सिॲटलला ४-३ असं हरवलं आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, गाठली, एवढंच. दोन ओळी. त्यातही सिॲटलचं ‘सीटल’ झालेलं. दिवाळीची गडबड, जाहिरातींनी पानं भरलेली, म्हणून मी काही बोलले नाही. पण त्यानंतर याच सदरात एका वाचकाचं पत्र आलं. बेसबॉल हा सिनेमात बघायचा खेळ आहे, मैदानावर तासन्‌तास काही घडत नाही आणि मधल्या वेळात कान फोडणारी गाणी लावतात, असा त्यांचा सूर होता. ते वाचलं आणि मग राहवेना.

आधी मी कोण ते सांगते. वय अडुसष्ट. तीस वर्षं मुलांना पेटी आणि गाणं शिकवलं. सहा वर्षांपूर्वी लेकीकडे, अमेरिकेत सिॲटलजवळ, राहायला आले. तुमचा अंक इथे आदल्या संध्याकाळीच मोबाइलवर उघडतो, त्यामुळे उद्याचं राशिभविष्य मला आजच कळतं. बेसबॉलच्या बाबतीत त्याचा आजवर काही उपयोग झालेला नाही. आकडेमोडीत मला गती नाही, ती जावयाकडे आहे. मला या खेळातलं जे काही कळलं ते कानाने कळलं.

जावयाने मला पहिल्यांदा मैदानावर नेलं ते १५ ऑक्टोबर २०२२ ला. २००१ नंतर पहिल्यांदाच सिॲटलमध्ये प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा, सामना होत होता, समोर ह्यूस्टन. दुपारी एकच्या सुमाराला जाऊन बसलो. नऊ इनिंग, म्हणजे प्रत्येक संघाच्या बॅटिंगच्या नऊ पाळ्या, फार तर तीन-साडेतीन तास, असं जावयाने सांगितलं होतं. त्या हिशेबाने मी दोन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात घेतली होती. नऊ इनिंग झाल्या, शून्य-शून्य. बारा झाल्या, शून्य-शून्य. दशम्या केव्हाच संपल्या. पंधरा, सोळा, सतरा. अठराव्या इनिंगमध्ये ह्यूस्टनच्या जेरेमी पेन्याने एक चेंडू कुंपणापलीकडे घालवला आणि सामना १-० असा संपला. सहा तास बावीस मिनिटं. सिॲटलचा त्या वर्षीचा कारभार तिथेच आटोपला.

पत्रलेखक म्हणतील, बघा, सहा तासांत एक धाव! मान्य. पहिल्या तीन-चार इनिंग मीही इकडेतिकडेच बघत होते. या मैदानावर भाजलेले टोळ विकतात, मेक्सिकोकडचा प्रकार. एका सामन्याला त्याच्या ३१२ च पुड्या काढतात, कारण एडगर मार्टिनेझ या इथल्या लाडक्या बॅटरची कारकिर्दीतली बॅटिंगची सरासरी .३१२ होती. जावयाने एक टोळ माझ्यासमोर कुडुमकुडुम खाऊन दाखवला. मी तोंड फिरवलं आणि मैदानाकडे बघायला लागले. टोळांचे तेवढे उपकार.

मग हळूहळू कान लागला. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, टाकलेला चेंडू बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या चामडी मोज्यात बसतो त्याचा एक आवाज असतो, डग्ग्यावर घुमारेदार थाप पडावी तसा. बॅटला मधोमध लागला तर कोरडा, स्वच्छ ‘टक्क’. कडेला लागला तर पोकळ ‘खट’. डोळे मिटले तरी चेंडू कुठवर जाणार याचा अंदाज येतो. दहाव्या इनिंगनंतर लोकांची बडबड कमी झाली, बाराव्यानंतर जवळजवळ थांबली. मैदानाला लागून रेल्वेचे रूळ आहेत. अमेरिकन इंजिनाच्या भोंग्यात तीन नाहीतर पाच कर्णे असतात, प्रत्येकाचा सूर निराळा, त्यामुळे भोंगा वाजतो तेव्हा पेटीच्या तीन-चार पट्ट्या एकदम दाबल्यासारखं होतं. पंचेचाळीस हजारांवर माणसं श्वास धरून बसलेली, पिचर खाली मान घालून उभा, आणि बाहेरून तो लांबलचक भोंगा. मी जावयाचा दंड धरला. तो म्हणाला, “आई, काय झालं?” त्याला काय सांगणार!

ज्यांनी विलंबित ख्याल नीट बसून ऐकला आहे त्यांना हे समजवावं लागणार नाही. विलंबित एकतालाचं एक आवर्तन पुरं व्हायला कधीकधी मिनिट जातं. त्या मिनिटात काही घडत नाही असं म्हणणारा माणूस आमच्या क्लासातही दर वर्षी एखादा असायचाच, बहुतेक करून मुलाला सोडायला आलेला. तो घड्याळाकडे बघत असतो, बाकीचे समेकडे.

इथे एक नियम सांगायला हवा, कारण तो ठाऊक नसेल तर ऑक्टोबरचा खेळ वेगळा का हे कळणार नाही. प्रत्येक संघ वर्षभरात १६२ सामने खेळतो. त्यात नऊ इनिंगनंतर बरोबरी असली तर दहाव्यापासून प्रत्येक इनिंगला दुसऱ्या बेसवर, म्हणजे एक धाव पुरी करायला लागणाऱ्या चार थांब्यांपैकी दुसऱ्यावर, एक रनर आयता उभा करून देतात, म्हणजे निकाल लवकर लागावा आणि माणसं घरी जावीत. शिवाय २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय. बेस मोकळे असले तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा, कोणी बेसवर असेल तर आता अठरा. घड्याळ प्लेऑफमध्येही चालूच राहतं आणि माझी त्याला मुळीच हरकत नाही. अर्धा तास तंबोराच जुळवत बसणारे गवई मी पुष्कळ पाहिलेत. पण आयता रनर प्लेऑफमध्ये बंद. तीस संघांतले बाराच उरलेले असतात आणि तिथे एकेक बेस स्वतः कमवावा लागतो. म्हणून अठरा-अठरा इनिंग होतात. खेळ रेंगाळतो असं वाटतं, पण खरं तर कोणीच कोणाला काही फुकट देत नसतं.

आता २०२५ चा १० ऑक्टोबर. डेट्रॉइटविरुद्ध पाचवा आणि निर्णायक सामना, सिॲटलमध्येच. हरेल तो घरी. तिकिटं आवाक्याबाहेर गेल्यामुळे आम्ही घरीच होतो. आमच्याकडे एक पद्धत पडली आहे: टीव्ही लावायचा पण त्याचा आवाज बंद, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझा सेलवर चालणारा छोटा रेडिओ चालू. टीव्हीवरच्या समालोचकांना दोन्ही संघ सारखेच. रेडिओवाला आपल्या गावचा, त्याच्या आवाजावरूनच कळतं चेंडू चांगला होता की वाईट. अडचण एकच. रेडिओ टीव्हीच्या काही सेकंद पुढे धावतो.

डेट्रॉइटचा पिचर होता तारिक स्कूबल. सहा इनिंगमध्ये त्याने सिॲटलच्या बॅटरांना तेरा वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं, त्यातले सात तर ओळीने. नातू अकरा वर्षांचा आहे, तो सोफ्याच्या मागे जाऊन बसला. तिथून म्हणाला, “आजी, हा माणूस नाही.” सहाव्या इनिंगनंतर स्कूबल थकून बाहेर गेला तेव्हा डेट्रॉइट २-१ ने पुढे होतं. सातव्यात सिॲटलने लिओ रिव्हास या बदली बॅटरला पाठवलं. त्या दिवशी त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता. त्याने चेंडू साधासाच मारला, रनर घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, आला, २-२. आणि मग पुन्हा तेच. आठ, नऊ, दहा, अकरा. सिॲटलने एरवी सामन्याची सुरुवात करणारे दोन पिचर, लोगन गिल्बर्ट आणि लुइस कास्तियो, यांनाही बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेतून, काढून कामाला लावलं. म्हणजे मुख्य गवयाला साथीला बसवल्यासारखंच. लेक दोनदा येऊन “त्याला झोपायला पाठवा” म्हणाली आणि दोन्ही वेळा तिथेच उभी राहून बघत राहिली.

पंधरावी इनिंग. बेस भरलेले, म्हणजे तिन्ही बेसवर आमचे रनर. होर्हे पोलांको बॅट घेऊन आला. मी ओट्यापाशी भांडी विसळत होते, पाठ टीव्हीकडे. रेडिओतून आधी ती ‘टक्क’ आली. मग समालोचकाचा आवाज फाटला. मग गर्दीचा असा गलका की त्या इवल्याशा यंत्राला तो पेलेना, नुसती खरखर. मी वळून टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीवर पोलांको अजून हातमोजे ठीक करत होता. पिचर अजून मान हलवत होता. खोलीतली सगळी माणसं ताठ बसून पडद्याकडे बघत होती, आणि सामना संपलेला आहे, आपण जिंकलो आहोत, हे जगात जणू मला एकटीलाच ठाऊक होतं. हातात पातेलं, त्यातून पाणी गळतंय. मी तोंडातून शब्द काढला नाही. मग पडद्यावर त्याने चेंडू उजवीकडे मारला, जे. पी. क्रॉफर्ड धावत घरी आला, ३-२, आणि नातू सोफ्यावरून उडाला. त्याने नंतर मला विचारलं, “तुला आधीच कळलं होतं ना?” मी म्हटलं, “भांड्यांच्या आवाजात काही ऐकू येतं का?” दोन्ही संघांपैकी जो हरेल तो बाद, अशा निर्णायक सामन्यांत इतक्या इनिंग आजवर कधी झाल्या नव्हत्या.

आता हा प्रसंग सिनेमात घाला. काय दिसेल? पोलांकोचा घाम, संथ गतीत फिरणारी बॅट, व्हायोलिनचा जथा, आभाळात गेलेला चेंडू. मधल्या चौदा इनिंगना मिळेल दीड मिनिट, त्यात फळ्यावरचे आकडे टपटप बदलतील. पत्रलेखकांना बेसबॉल सिनेमात बरा वाटतो तो याचसाठी. शेवटच्या चेंडूवरचा षटकार आपल्याला ‘लगान’पासून ठाऊक आहे आणि तो मलाही आवडतो, पण पाच तास बसल्यावर मिळणारी साधी एकेरी धाव ही वेगळी चीज आहे.

बेसबॉलवरचे सिनेमे मी कमी पाहिलेले नाहीत. या घरात हिवाळ्यात दुसरं काही लागतच नाही. ‘मनीबॉल’ सगळ्यांना आवडतो. ओकलंडच्या संघाची २००२ ची गोष्ट, पैसे नसताना आकडेमोड करून संघ उभा केला, ओळीने वीस सामने जिंकले. पण त्या संघात झिटो, हडसन आणि मल्डर असे तीन अव्वल पिचर होते. झिटोला त्या वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा मान मिळाला आणि मिगेल तेहादाला सर्वोत्तम खेळाडूचा. सिनेमात ही मंडळी शोधावी लागतात. संगीत नाटकावर सिनेमा काढावा, त्यात प्रॉम्प्टरची कर्तबगारी दाखवावी आणि बालगंधर्व विंगेतूनच परत पाठवावेत, तसं झालं ते. शिवाय शेवटी नायकाची मुलगी गाते ते गाणं २००८ चं आहे, गोष्ट २००२ ची. गाण्याच्या बाईच्या नजरेतून हे सुटत नाही. तरी एक मात्र कबूल करते. त्यातला नायक सामना बघू शकत नाही, रेडिओ लावतो, बंद करतो, पुन्हा लावतो. ते सोंग नाही. तसं होतं.

‘फील्ड ऑफ ड्रीम्स’मध्ये शूलेस जो जॅक्सन उजव्या हाताने बॅटिंग करतो. खरा जॅक्सन डावखुरा बॅटर होता. इतकी साधी गोष्ट! तरीही शेवटी बाप-लेक एकमेकांकडे चेंडू फेकत उभे राहतात तेव्हा मी रडते, दर वेळी, आणि दर वेळी स्वतःवर चिडते.

‘फीवर पिच’ हा सिनेमा म्हणून बेताचाच. पण त्याची पडद्यामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. बॉस्टनच्या संघाचं वेड लागलेल्या माणसाची ही कथा, चित्रीकरण २००४ च्या हंगामात चालू होतं आणि बॉस्टन नेहमीसारखं हरणार असं धरूनच शेवट लिहिलेला होता. १९१८ पासून ते वर्ल्ड सिरीज जिंकलेलेच नव्हते, त्यात लेखकाची काय चूक? मग न्यू यॉर्कविरुद्ध ०-३ असे मागे पडलेले असताना बॉस्टनने ओळीने चार सामने घेतले आणि पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकली. नट-नट्यांना सेंट लुइसच्या मैदानावर खऱ्या जल्लोषात पळवत नेऊन नवा शेवट चित्रित करावा लागला.

माझं मत विचाराल तर या खेळावरची सगळ्यांत खरी फिल्म हॉलिवूडची नाहीच. जॉन बॉइस आणि अलेक्स रुबेनस्टाइन यांनी २०२० साली सिॲटलच्या संघाचा इतिहास सहा भागांत मांडला, तो यूट्यूबवर आहे. त्यात नट नाहीत, कोणाच्या मुलाखती नाहीत. बरेचसे आलेख, जुनी कात्रणं आणि शांत निवेदन. पराभवांचा आलेख वाकत जाताना बघून हसू येतं आणि मग घसा दाटून येतो. तीन तासांहून मोठी आहे. पत्रलेखकांनी वाटेला जाऊ नये.

आता गाण्यांबद्दल. इथे मी पत्रलेखकांच्या अर्ध्या बाजूने आहे. प्रत्येक बॅटर मैदानात येताना त्याच्या आवडीच्या गाण्याचा दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा वाजवतात. मुखडा सुरू होतो न होतो तोच तोडतात. ऐकताना मला उचकी लागल्यासारखं होतं. फळ्यावर ‘आवाज करा’ अशी अक्षरं नाचवतात तेही मला लागतं. पंधराव्या इनिंगला कोणाला सांगावं लागतं का आवाज करा म्हणून?

पण सगळंच तसं नाही. शिकागोच्या रिग्ली फील्डवर १९४१ मध्ये पहिल्यांदा ऑर्गन वाजला आणि मग गावोगावच्या मैदानांवर तो पसरला. आपल्याकडे संगीत नाटकाला ऑर्गनची साथ असायची, पडदा वर जाण्याआधी त्याचे सूर घुमले की प्रेक्षक सावरून बसायचे. दोन पिचरांच्या मधल्या रिकाम्या वेळात ऑर्गनवाला तीन सुरांची छोटी जागा घेऊन सोडून देतो, गर्दी टाळी देते, तेव्हा मला तेच आठवतं. ते वाद्य रिकामी जागा भरत नाही, तिची राखण करतं.

आणि सातव्या इनिंगला सगळे उभे राहून १९०८ सालचं ‘टेक मी आउट टू द बॉल गेम’ म्हणतात. खेळ लांबला तर चौदाव्याला पुन्हा म्हणायची पद्धत आहे. चाल तीन-तीनच्या वजनाची, म्हणजे आपला दादराच. एवढी गर्दी दादऱ्यात डोलते, निम्मी बेसूर, कोणाला पर्वा नाही. क्लासात मी बेसुरांवर फार रागवायची. इथे मीही म्हणते, मराठी उच्चारांत.

एक गोष्ट मात्र गाण्यातल्या माणसांनी मुद्दाम वाचावी. ७ ऑक्टोबर १९६८. डेट्रॉइटमध्ये वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना. सुरुवातीला राष्ट्रगीत म्हणायला होसे फेलिसियानो हा तेवीस वर्षांचा अंध गायक बोलावला होता. त्याने गिटार घेतली आणि ते गीत आपल्या ढंगाने, ब्लूजच्या अंगाने, जागा घेत गायलं. मैदानावरच काहींनी हुर्यो केली, तक्रारींचे फोन खणखणले, कित्येक रेडिओ केंद्रांनी त्याच्या तबकड्या वाजवणं बंद केलं. बंदिश तीच, शब्द तेच, फक्त गायकी वेगळी. आपल्याकडे यावरून घराण्याघराण्यांत अबोले झालेत, तेव्हा मला नवल वाटलं नाही. गंमत म्हणजे त्या गाण्याचं ध्वनिमुद्रण पुढे विक्रीला आलं आणि लोकप्रिय यादीतही गेलं. २०१० मध्ये डेट्रॉइटनेच त्याला पुन्हा बोलावून तेच गाणं तसंच गाऊन घेतलं. बेचाळीस वर्षांनी. मी ते दोन्ही ऐकलंय. पहिल्यात आवाज कोवळा आहे आणि जरासा घाबरलेला, पण जागा तिथल्याच चांगल्या आहेत.

आमच्या सिॲटलचंही एक गाणं आहे. १९९५ मध्ये न्यू यॉर्कविरुद्धच्या पाचव्या सामन्यात, अकराव्या इनिंगमध्ये, वर सांगितलेल्या टोळवाल्या मार्टिनेझने डावीकडे फटका मारला आणि केन ग्रिफी पहिल्या बेसपासून धावत थेट घरी आला. ६-५. डेव्ह नीहाउस या रेडिओ समालोचकाने त्या क्षणाचं जे वर्णन केलं ते इथल्या चाळिशीपुढच्या माणसांना पाठ आहे. नीहाउस २०१० मध्ये गेले, तेव्हा मॅकलमोर या इथल्याच रॅप गायकाने त्यांच्यावर गाणं केलं, लहानपणी रेडिओवर तो सामना ऐकल्याचं. रॅप म्हटल्यावर मी आधी नाक मुरडलं होतं. नातवाने शब्द समजावून सांगितले. ते गाणं त्या फटक्यापेक्षा रेडिओचंच जास्त आहे, म्हणून मला ते लगेच कळलं.

तर आता २० ऑक्टोबर. तुमच्या दोन ओळींतला दिवस. इथे त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. तीन दिवस आधी, वसुबारसेला, यूहेनिओ सुआरेझने आठव्या इनिंगमध्ये बेस भरलेले असताना होमरन मारून, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे घालवून, आम्हाला टोरंटोवर ३-२ अशी आघाडी दिली होती. आणखी एक सामना जिंकायचा आणि पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज. तीस संघांपैकी ती न पाहिलेला हा एकटाच संघ आहे, १९७७ पासून. सहावा सामना हरले. सातवा टोरंटोला, इथल्या पाच वाजता.

पूजेची वेळ आणि सामन्याची वेळ एकच. लेकीने रेडिओ देवघरात आणायला सक्त मनाई केली. तिसऱ्या इनिंगमध्ये हुलिओ रॉड्रिगेझचा होमरन, पाचव्यात कॅल रॅलीचा. रॅलीने त्या हंगामात साठ होमरन मारले, कॅचर असून. ३-१. आरती झाली, नातवाने दोन कडवी गाळली ती मी चालवून घेतली. प्रसादाची वाटी घेऊन सगळे टीव्हीसमोर. सातवी इनिंग. आमचा ब्रायन वू पिचिंग करत होता. एकाला त्याने वॉक दिला, म्हणजे चार चेंडू भलतीकडे टाकून पहिला बेस आयता दिला, दुसऱ्याने फटका मारला, तिसऱ्याने बंट करून, म्हणजे चेंडू नुसता टेकवून, दोघांना पुढे सरकवलं. व्यवस्थापक डॅन विल्सन बाहेर आला, वूला काढून एडुआर्ड बझार्डोला आणलं. पहिल्या बेसवर कोणी नव्हतं, समोर जॉर्ज स्प्रिंगर (त्याला वॉक देऊन टाळता आलं असतं), आणि आमचा सगळ्यांत भरवशाचा क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन सामना संपवणारा पिचर, आंद्रेस मुन्योझ बुलपेनमध्येच. ‘टक्क’ मला ओट्यावरून ऐकू आली. या वेळी टोरंटोतली गर्दी होती, तरी खरखर तशीच. मी टीव्हीकडे वळले नाही. ३-१ चं ४-३ व्हायला आणखी काही सेकंद होते आणि तेवढा वेळ माझ्या मागे चार माणसं करंज्या खात होती.

त्यानंतर सिॲटलला एकही धाव करता आली नाही. शेवटी हुलिओ स्ट्राइकआउट झाला. मुन्योझला का आणलं नाही यावर इथे अजून चहाच्या टेबलावर भांडणं चालतात. जावई विल्सनची बाजू घेतो, कारण १९९५ च्या त्या संघाचा कॅचर तोच होता आणि जावयाने शाळेत असल्यापासून त्या संघाच्या जुन्या चित्रफिती पाहिल्यात. मी घेत नाही. सम समोर दिसत असताना तुम्ही तबलजी का बदलता? एका जुन्या बेसबॉलपटात प्रशिक्षक ओरडून सांगतो की बेसबॉलमध्ये रडायचं नसतं. तो सिॲटलचा नसावा. आमच्याकडे नातू रडला, मग जावई बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ चालू होता.

पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये टोरंटोही हरलं, सातव्या सामन्यात, अकराव्या इनिंगला, लॉस एंजेलिसकडून ५-४. त्याआधीचा तिसरा सामना तर अठरा इनिंगचा झाला होता. तुमच्याकडे त्यावरही दोनच ओळी होत्या, पण निदान लॉस एंजेलिस बरोबर छापलं होतं. टोरंटो हरल्यावर नातवाने टाळ्या वाजवल्या. मी त्याला दटावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन एक चकली खाल्ली.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या ऑक्टोबरमध्ये पाव रकाना तरी द्यावा, आणि सिॲटल असं लिहावं. पत्रलेखकांनी रागावू नये. ते कधी इकडे आले तर जावई टोळ खिलवेल.

रेडिओ अजून ओट्यावरच आहे, पण बंद. नातवाने त्याचे सेल काढून रिमोटच्या गाडीत घातले आहेत. फेब्रुवारीत ॲरिझोनात पिओरियाला संघाचा सराव सुरू होतो, त्याच्या आत ते परत करायचे असं ठरलंय.

आपली,
एक जुनी वाचक, सिॲटल